लदेणी सुटल्यानंतर : तांड्याचे व्यवसायांतर आणि त्याची शब्दसंपत्ती

मनुष्य आपला व्यवसाय बदलतो तेव्हा तो नेमके काय टाकून देतो आणि काय बरोबर नेतो, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राचा किंवा समाजशास्त्राचा समजला जातो. भाषाशास्त्राचाही त्यावर काही अधिकार आहे. प्रत्येक व्यवसाय आपल्यापुरती एक भाषा घडवतो, आणि व्यवसाय संपला म्हणून ती भाषा त्याच दिवशी संपत नाही. एकाच कामात पंचवीस-तीस वर्षे घालविलेला माणूस नव्या कामात शिरतो तेव्हा जुन्या कामाचे शब्द काही काळ त्याच्या तोंडी राहतात. पुढे त्यांपैकी काही गळून जातात, काही नव्या अर्थाने रुळतात. व्यक्तीच्या बाबतीत ही प्रक्रिया एका आयुष्यातच आटोपत असल्यामुळे ती न्याहाळणे कठीण जाते. परंतु एखाद्या संपूर्ण समाजाला शतकानुशतके केलेला व्यवसाय दोन-तीन पिढ्यांत सोडावा लागला, तर तीच प्रक्रिया सावकाश व स्पष्टपणे दृष्टीस पडते. वाशीम जिल्ह्यातील आणि लगतच्या पुसद-दिग्रस भागातील बंजारा समाज हे अशा व्यवसायांतराचे ठळक उदाहरण होय.

या भागाचा एकत्र विचार करण्यास ऐतिहासिक कारण आहे. इंग्रजी अमदानीत बासीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता व पुसद हा त्याचाच तालुका होता. १९०५ साली तो जिल्हा मोडण्यात आला. बासीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे आणि पुसद यवतमाळकडे गेला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला तेव्हा पुसद त्याच्या बाहेरच राहिले. शासकीय सीमा अशा बदलत गेल्या तरी तांड्यांचे परस्परसंबंध तुटले नाहीत. त्यांचे धार्मिक केंद्र मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे आहे. जगदंबेचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी असलेल्या या गावाला बंजारा समाजाची काशी म्हणतात, आणि रामनवमीच्या यात्रेस दूरदूरच्या राज्यांतून लोक तेथे येतात. परंपरेनुसार १७३९ मध्ये जन्मलेले सेवालाल महाराज हे गुरे राखणाऱ्या व मालाची ने-आण करणाऱ्या तांड्यातलेच होते. म्हणजे या समाजाची श्रद्धादेखील जुन्या व्यवसायाच्या स्मृतीशी जोडलेली आहे.

जुना व्यवसाय

बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य, मीठ आदी माल एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेणे हा तो व्यवसाय. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत त्याला ‘लदेणी’ म्हणतात. समाजाची दोन्ही प्रचलित नावे या व्यवसायावरूनच पडलेली दिसतात. ‘बंजारा’ हा शब्द संस्कृत ‘वाणिज्यकार’ या शब्दाकडे नेता येतो, तर ‘लमाण’, ‘लभाण’ ही रूपे ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दाशी जोडली जातात. मराठीतील ‘वंजारी’ हा शब्दही पहिल्याच मुळाचा आहे. तथापि वंजारी व बंजारा हे आज महाराष्ट्रात दोन भिन्न समाज आहेत. एकाच व्यवसायाचे नाव धारण करणाऱ्या दोन समाजांपैकी एक लवकर शेतीत स्थिरावला आणि दुसरा दीर्घकाळ वाटेवर राहिला, एवढे त्यावरून ध्यानात घ्यावे.

या व्यवसायाचे प्रमाण किती मोठे होते याची साक्ष निरनिराळ्या काळच्या लेखकांनी दिली आहे. चौदाव्या शतकात दिल्लीचे सूफी शेख नसीरुद्दीन यांच्या संभाषणांच्या संग्रहात दिल्लीस धान्य आणणाऱ्या ‘नायकां’चा उल्लेख आहे, आणि त्यांच्याजवळ दहा-दहा, वीस-वीस हजार लादलेले बैल असतात असे तेथे म्हटले आहे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली वाटेत चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. त्याच शतकात भारतात आलेला फ्रेंच व्यापारी तावर्निए यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. सैन्याला रसद पुरविणे हे या व्यवसायाचे दुसरे अंग होते. शहाजहानच्या काळी आसफखानाच्या फौजेबरोबर भंगी व जंगी हे नाईक एक लक्ष ऐंशी हजार बैल घेऊन दक्षिणेत उतरले, अशी समाजाची परंपरा सांगते. या आकड्याकडे इतिहास म्हणून न पाहता स्मृती म्हणून पाहावे. परंतु फौजेशी असलेला संबंध निःसंशय आहे. १८०३ च्या युद्धात वऱ्हाडातील अडगाव व गाविलगड येथे लढलेल्या आर्थर वेलस्लीच्या पत्रव्यवहारात तांड्यांकडून मिळणाऱ्या धान्याची चिंता वारंवार प्रकट झालेली आढळते.

एवढी मोठी वाहतूक परवडत कशी असे, हे समजल्याशिवाय ती का बुडाली हेही समजणार नाही. तांडा दिवसाकाठी सहा-सात मैलांहून फारसा अधिक चालत नसे. बैल चरत चरत पुढे जात, आणि चारा वाटेवरच्या रानात फुकट मिळे. चाकाची गाडी नसल्यामुळे बांधीव रस्त्याची गरज नव्हती. बायकामुले बरोबर असल्यामुळे घर मागे ठेवण्याचा खर्चही नव्हता. वेग गमावून खर्च वाचविणे हे या व्यवसायाचे गणित होते. जो माल सावकाश पोहोचला तरी चालतो आणि ज्याची किंमत वजनाच्या मानाने थोडी असते, अशा धान्य व मिठासारख्या मालाला ते बरोबर लागू पडे.

व्यवसायाचा अंत

हे गणित दोन बाजूंनी मोडले. पहिली बाजू सर्वपरिचित आहे. १८५३ मध्ये मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाडातून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही गावे घेत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. त्यापूर्वी वऱ्हाड-नागपूरकडील कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. आता तो काही दिवसांत मुंबईच्या बंदरात पडू लागला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळकडे अरुंद मापाची रेल्वेही झाली. रेल्वेबरोबर पक्के रस्ते आले, रस्त्यांबरोबर बैलगाड्या आल्या. पाठीवरच्या बैलाला स्थानकापासून गावापर्यंतचे कामही उरले नाही.

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची असूनही तिची चर्चा कमी होते. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला आणि पडीक जमीन झपाट्याने लागवडीखाली आली. त्यानंतर राखीव जंगलांची व्यवस्था लागू झाली व चराईवर बंधने पडली. ज्या फुकट चाऱ्यावर लदेणीचा सारा हिशेब उभा होता, तो चाराच राहिला नाही. रेल्वेने तांड्याचे गिऱ्हाईक नेले आणि शेती व जंगलखात्याने त्याचे भांडवल नेले, असे थोडक्यात म्हणता येईल. दोहोंपैकी एकच आघात झाला असता तर व्यवसाय आकसून का होईना टिकला असता.

व्यवसाय बुडालेल्या तांड्यांनी जेथे पडीक जमीन, गवत व पाणी शिल्लक होते तेथे मुक्काम केला. वऱ्हाडचे दोन भाग परंपरेने सांगितले जातात. त्यांपैकी पूर्णेच्या खोऱ्यातील पयनघाटाची काळी जमीन आधीच नांगराखाली होती. दक्षिणेकडील बालाघाटाच्या उंच व डोंगराळ भागात मात्र अजून वाव होता. आजच्या मानोरा, मंगरूळपीर, पुसद, दिग्रस या तालुक्यांत तांड्यांची संख्या मोठी का, याचे एक उत्तर या भूगोलात आहे. १८७० साली लायल यांनी संपादिलेल्या वऱ्हाडच्या गॅझेटियरमध्ये आणि वऱ्हाड पोलीस खात्यातील कंबरलेज यांच्या त्याच सुमाराच्या टिपणात बंजाऱ्यांचे जे वर्णन येते, ते या संक्रमणकाळाचे आहे. ही टिपणे वाचताना त्यांपैकी एक पोलीस अधिकाऱ्याने लिहिले आहे, ही गोष्ट विसरता कामा नये.

शब्दांचे तीन थर

कोणत्याही व्यवसायाची तीन अंगे मानता येतील : साधने, कौशल्य आणि संघटना. लदेणीच्या बाबतीत बैल, गोणी, दोर ही साधने. जनावरांची पारख, वाटांची व पाणवठ्यांची माहिती, बाजारभावाचे ज्ञान हे कौशल्य. आणि नाईकाच्या आज्ञेत चालणारा तांडा ही संघटना होय. व्यवसाय संपल्यानंतर ही तीन अंगे एकाच वेळी नष्ट झाली नाहीत, आणि त्यांचे शब्दही एकाच गतीने बदलले नाहीत.

साधने सर्वांत आधी निरुपयोगी झाली. त्यांचे शब्द एक तर गीतांत व विधींत जाऊन बसले, नाही तर व्यवसायापासून सुटे होऊन सर्वसामान्य भाषेत मिसळले. ‘गोणी’ हा शब्द पाणिनीला परिचित आहे. आज तो रासायनिक खताच्या प्लास्टिकच्या पोत्यालाही लागतो, आणि इंग्रजीतील तागाच्या पोत्याचा ‘गनी’ हा शब्दही त्याच्याच वंशातला आहे. ‘लदेणी’ हे नाम आता समाजाच्या इतिहासकथनातच भेटते. त्याचा मराठी सोयरा ‘लादणे’ हा धातू तर मुख्यतः कर, अटी, निर्णय यांच्याबरोबर येतो. बैलाची पाठ गेली आणि ओझे अमूर्त झाले.

कौशल्याचे तसे झाले नाही. त्याला काही ठिकाणी नवे घर मिळाले. जनावरांची पारख असणारे लोक बैलबाजारात व गोपालनात टिकले. रानाची माहिती असणारे लाकूड, गवत, डिंक यांच्या कामांकडे वळले. परंतु शेतीला लागणारे ज्ञान तांड्याजवळ आयते नव्हते, आणि जमीन ताब्यात ठेवण्यास लागणारे ज्ञान तर मुळीच नव्हते. त्यामुळे वखर, डवरा, तिफण हे औतांचे शब्द आणि सातबारा, फेरफार, तलाठी, गावठाण हे महसुलाचे शब्द त्यांना भोवतालच्या मराठीतून घ्यावे लागले. शब्दांची उसनवारी कोणत्या क्षेत्रात झाली हे पाहिले म्हणजे समाजाला नव्याने काय शिकावे लागले याचा नकाशाच हाती येतो. उलट आप्तसंबंध, देवकार्य, न्यायनिवाडा या क्षेत्रांत गोरबोलीने आपले शब्द राखले. ‘याडी’ म्हणजे आई, ‘नसाब’ म्हणजे तांड्याची न्यायसभा, ‘गोर’ म्हणजे आपला माणूस. या शब्दांच्या जागी मराठी शब्द आणण्याची गरज व्यवसायांतराने निर्माण केली नाही.

संघटनेचे शब्द तिसऱ्या थरात येतात, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने तेच सर्वांत उद्बोधक आहेत. ते नष्ट झाले नाहीत. त्यांचा अर्थ सरकला. ‘तांडा’ म्हणजे चालणारा समूह. मराठीत ‘उंटांचा तांडा’ म्हणताना हाच अर्थ अभिप्रेत असतो. परंतु वऱ्हाडात व मराठवाड्यात तांडा म्हणजे वसलेली वस्ती. गतिवाचक शब्द स्थितिवाचक झाला, हे अर्थांतर साधे नाही, जवळजवळ विरुद्धार्थाकडचे आहे. व्याकरणात मात्र जुन्या अर्थाचा मागमूस राहिला आहे. मराठी माणूस ‘गावात’ राहतो, पण बहुधा ‘तांड्यावर’ राहतो. ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय मुक्काम, वस्ती, काम यांसारख्या तात्पुरत्या स्थानांबरोबर येते. चार-पाच पिढ्या एका जागी राहिलेल्या लोकांबद्दलही मराठी भाषा अजून ते मुक्कामाला आले असल्यासारखी बोलते.

‘नाईक’ या शब्दाचा प्रवास याहून लांबचा आहे. वाटेवर नाईक मार्ग व मुक्काम ठरवी, व्यापाऱ्यांशी सौदा करी, जकातीच्या नाक्यावर बोलणी करी आणि तंटे मिटवी. वस्ती झाल्यावर पहिली तीन कामे गेली. तंटे मिटविणे राहिले, आणि तलाठी व पोलीस यांच्याशी तांड्याच्या वतीने बोलणे हे नवे काम आले. ‘कारभारी’ हा त्याचा साहाय्यक याच वाटेने गेला. अनेक तांड्यांची नावेच कोणा नाईकाच्या नावावरून पडली आहेत. पुढे या पदाचे आडनावही झाले. पुसद तालुक्यातील गहुली हे गाव राठोड कुळातील ज्या घराण्याने वसविले, त्या नाईकांच्या घराण्यात १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. नागपूरला कायद्याची पदवी घेऊन त्यांनी पुसदला वकिली केली, आणि ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचा जन्मदिवस राज्यात ‘कृषी दिन’ म्हणून पाळला जातो. धान्य वाहणाऱ्या समाजातील एका पुरुषाचे नाव धान्य पिकविणाऱ्यांच्या दिवसाशी जोडले जावे, यात त्या समाजाच्या व्यवसायांतराचा एक संपूर्ण टप्पा सामावला आहे.

संघटनेचे हे टिकणे नेहमीच लाभाचे ठरले नाही. ज्यांना पुरेशी जमीन मिळाली नाही, त्यांच्या बाबतीत समूहाने स्थलांतर करण्याची सवयच नव्या व्यवसायाचा पाया बनली. मराठवाड्यात, विशेषतः बीडकडील भागात, ऊसतोडणीसाठी दरसाल बाहेर पडणाऱ्या टोळ्यांत वंजारी व बंजारा कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. त्यांच्याही पुढे एक म्होरक्या असतो, त्याला मुकादम म्हणतात. कुटुंब, जनावरे, संसार सारे बरोबर असते, आणि ऊस वाहण्यासाठी कित्येकदा बैलगाडीच असते. बाह्य रूप लदेणीचे आहे, अंतरंग मात्र वेगळे आहे. नाईक हा तांड्याचा होता. मुकादम हा कारखान्याकडून ‘उचल’ घेऊन मजुरांना बांधून घेणारा मध्यस्थ आहे. लदेणी करणाऱ्याचे बैल व माल बहुधा त्याचे स्वतःचे असत. तोडणीवाल्याचे स्वतःचे असे काही असेल तर ते अंगचे श्रम. म्हणूनच तेथे पतिपत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’ असे मोजतात. हत्याराच्या नावाने माणूस मोजला जातो, तेव्हा त्या व्यवसायात माणसाचे स्थान काय आहे हे निराळे सांगावे लागत नाही.

नाव आणि कायदा

व्यवसाय बदलणाऱ्याची अर्धी अडचण त्याच्या स्वतःच्या हातात असते. उरलेली अर्धी, भोवतालचे लोक त्याला कोणत्या नावाने ओळखतात यात असते. बंजाऱ्यांच्या बाबतीत हे फार कठोरपणे घडले. काम गेलेला तांडा वाटेवर दिसे, पण त्याच्या बैलांवर माल नसे. जो पूर्वी वाहतूकदार म्हणून ओळखला जाई तो आता कारणाविना भटकणारा ठरला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली, आणि निरनिराळ्या प्रांतांत बंजाऱ्यांचे काही गटही त्याच्या कक्षेत आले. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ म्हटल्या जाऊ लागल्या. आज महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जाती (अ) या चौदा जातींच्या वर्गात मोडतो. तेलंगण व आंध्र प्रदेशात तोच समाज अनुसूचित जमातींत आहे, तर कर्नाटकात अनुसूचित जातींत आहे. एक भाषा बोलणाऱ्या आणि एकाच व्यवसायातून बाहेर पडलेल्या समाजाला तीन नावे, आणि प्रत्येक नावाबरोबर वेगळे अधिकार, अशी ही स्थिती आहे.

वस्तीच्या नावाचेही तसेच आहे. तांडा हा महसुली गाव नसेल, तर त्याची नोंद शेजारच्या गावाच्या दप्तरात राहते, आणि रस्ता, शाळा, पाणी यांचा क्रम त्या गावानंतर लागतो. कर्नाटकाने अलीकडच्या काळात अनेक तांड्यांना महसुली गावांचा दर्जा दिला. तेलंगणाने २०१८ च्या कायद्यानंतर पुष्कळ तांड्यांना स्वतंत्र ग्रामपंचायती दिल्या. महाराष्ट्रात तांडा-वस्तीच्या सुधारणेसाठी वसंतराव नाईक यांच्या नावाने योजना आहे. ‘तांडा म्हणजे गाव’ हे अर्थांतर लोकभाषेत केव्हाच पुरे झाले. दप्तराच्या भाषेत ते अजून होत आहे.

भाषेच्या गणनेतही हा प्रश्न उपस्थित होतो. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) लभाणी किंवा बंजारी हिला स्वतंत्र प्रकरण मिळाले आहे. षष्ठीचा ‘रो-री’ हा प्रत्यय आणि ‘छ’ हे अस्तित्ववाचक क्रियापद ही तिची लक्षणे राजस्थानी-गुजरातीकडे बोट दाखवतात. १९७० मध्ये रोनाल्ड ट्रेल यांचे लमाणीचे व्याकरण प्रसिद्ध झाले. तरीही २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी व बंजारी या दोन्ही मातृभाषा हिंदी या शीर्षकाखालीच मोजल्या गेल्या. स्वतंत्र लिपी नसलेली ही भाषा महाराष्ट्रात देवनागरीत, तेलंगणात तेलुगू लिपीत व कर्नाटकात कन्नड लिपीत लिहिली जाते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा वारशाचे संग्रहालय उघडण्यात आले. तेथे वस्तू जतन होतील; त्या वस्तूंचे शब्द जतन करण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांकडे येते.

उपसंहार

वरील विवेचनातून व्यवसायांतराविषयी काही सामान्य निष्कर्ष निघतात, आणि ते व्यक्तीच्या बाबतीतही पडताळून पाहण्यासारखे आहेत. साधने सोडणे सर्वांत सोपे असते, आणि व्यवसाय बदलला असे लोक म्हणतात ते बहुधा साधने बदललेली पाहूनच. कौशल्य नव्या व्यवसायात जेवढी जागा मिळेल तेवढेच टिकते; उरलेले नव्याने शिकावे लागते, आणि काय शिकावे लागले हे उसन्या शब्दांवरून कळते. माणसामाणसांतील नाते, कोणाचे ऐकायचे आणि कोणासाठी बोलायचे याची घडी, ही सर्वांत चिवट असते. तिच्या बळावर गहुलीसारखे गाव वसते, आणि तिचाच उपयोग करून टोळीला उचलीत बांधताही येते. दोहोंतील भेद जमीन आणि अक्षरज्ञान यांनी पडला.

तांड्यांच्या भाषेचे क्षेत्रीय संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून केवळ शब्द गोळा करून थांबू नये. प्रत्येक शब्द पूर्वी कोणत्या कामाचा होता आणि आज कोणत्या कामात वापरला जातो, या दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी ठेवाव्यात. लदेणीची स्मृती आता ऐकीव झाली आहे. आजा-पणजाकडून ऐकलेले सांगणारी माणसे मानोरा-मंगरूळपीरच्या तांड्यांवर अजून भेटतात. त्यांच्यानंतर ‘गोणी’ हा शब्द राहील, परंतु ती बैलाच्या पाठीवर कशी बसवीत हे सांगणारा कोणी राहणार नाही.